टाचा उचलण्याआधी

बॅलेचे तंत्र सुधारणे ही केवळ मेहनतीची बाब मानली जाते. वास्तविक तो आधी क्रमाचा आणि मग मेहनतीचा प्रश्न आहे, कारण या नृत्यातील बहुतेक दुखणी एका दिवसात उद्भवत नाहीत, तर एकच हालचाल चुकीच्या रीतीने हजारो वेळा केल्यामुळे सांध्यांत हळूहळू साचत जातात. मुंबईत तुश्ना डल्लास यांनी १९६६ मध्ये बॅलेची शाळा सुरू केली, तरी दीर्घकाळ ही कला शहरातील मोजक्या घरांपुरतीच राहिली. पुढे येहुदा माओर या इस्रायली-अमेरिकी शिक्षकाने मुंबईत अमिरुद्दीन शाह आणि मनीष चौहान या सामान्य घरांतील दोन मुलांना घडवले. अमिरुद्दीन २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाला आणि २०२० मध्ये सूनी तारापोरवाला यांच्या ‘ये बॅले’ या चित्रपटाने ही हकिकत घराघरांत पोहोचवली. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील मुलामुलींपर्यंत हे नृत्य आज येते ते प्रामुख्याने मोबाइलच्या पडद्यावरून, आणि पडद्यावर दिसते ती उडी किंवा गिरकी; तिच्यामागची वर्षानुवर्षांची संथ तयारी दिसत नाही. अनुकरणातला खरा धोका तिथेच आहे.

सर्वांत जास्त फसगत होते ती ‘टर्नआउट’ या मूलभूत गोष्टीत. टर्नआउट म्हणजे दोन्ही पाय खुब्यापासून बाहेरच्या दिशेने वळवणे. सतराव्या शतकात फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारी रूढ झालेल्या पावलांच्या पाच मूलस्थिती याच वळणावर उभ्या आहेत आणि भरतनाट्यमच्या अरमंडीतही खुब्याचे हेच काम असते. मात्र मांडीचे हाड खुब्याच्या खोबणीत किती फिरेल हे बऱ्याच अंशी हाडांच्या जन्मजात घडणीवर ठरते. प्रत्येक बाजूला साधारण ४० ते ६० अंश एवढेच वळण बहुतेकांना मिळते, त्यामुळे दोन्ही पावले एका सरळ रेषेत आणण्याच्या हट्टापायी उरलेले वळण गुडघा आणि घोटा यांच्याकडून ओरबाडून घेतले जाते. शिकाऊ मूल गुडघे वाकवते, पावले जमिनीवर घट्ट रोवून हवी तेवढी बाहेर फिरवते आणि मग गुडघे सरळ करते. आरशात आकार सुंदर दिसतो, पण पावले जमिनीला धरून राहतात, मांडी आत वळू पाहते आणि त्या दोहोंमधला पीळ गुडघ्याला सोसावा लागतो, तर तळपायाची कमान आतल्या बाजूला कोसळते. यावरची पारख सोपी आहे. ‘प्लिए’ म्हणजे गुडघे बाहेरच्या दिशेने हळूहळू वाकवण्याची क्रिया करताना गुडघ्याची वाटी पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिली पाहिजे; ती अंगठ्याच्या आत सरकत असेल, तर ती जागेवर येईपर्यंत पावलांचे वळण कमी करावे. पावलांचा कोन लहान दिसला म्हणून कोणाचे तंत्र हलके ठरत नाही.

या बाबतीत गावाकडच्या मुलांजवळ एक मोलाचे भांडवल असते. टाचा जमिनीला टेकवून उकिडवे बसण्याची सवय ज्यांची सुटलेली नाही, त्यांचा घोटा पुढच्या बाजूला चांगला वाकतो, आणि प्लिएची खोली, आणि म्हणून उडीनंतर अलगद उतरण्याची क्षमता, याच वाकण्यावर अवलंबून असते. शहापूर परिसरातील वारल्यांचा तारपा नाच एकमेकांच्या कमरेला हात गुंफून मातीच्या अंगणात चालतो आणि त्यात गुडघे सैल ठेवूनच फेर धरला जातो. शाळेच्या ओट्यावरील शहाबादी फरशी किंवा सिमेंटचा कोबा मात्र पायांचा आघात शोषून घेत नाही. बॅलेच्या वर्गात लाकडी तक्तपोशीखाली पोकळी ठेवून लवचीक जमीन तयार करतात, ती याचसाठी. तशी जमीन नसेल तेथे उड्यांचा सराव अगदी थोडा ठेवावा आणि खिडकीच्या गजाला हलकेच धरून प्लिए, पाऊल जमिनीवरून घासत लांबवण्याचे ‘तांद्यू’ आणि टाचा संथपणे उचलण्या-टेकवण्याचे व्यायाम भरपूर करावेत, कारण या कामाला फरशी आड येत नाही. ताण देऊन दीर्घकाळ धरून ठेवण्याचे व्यायाम सरावाच्या शेवटी करावेत. उड्यांपूर्वी ते केल्यास स्नायूंचा जोर काही काळ घटतो.

पॉइंट, म्हणजे बोटांच्या टोकांवर उभे राहून नाचणे, हा सर्वांत आकर्षक आणि सर्वांत घाईने शिकला जाणारा भाग. त्याच्या बुटाचे टोक कापड, कागद आणि खळ यांच्या थरांनी कडक केलेले असते, परंतु शरीराचा भार बूट पेलत नाही, तो घोटा, पोटरी आणि कंबरपट्ट्याच्या स्नायूंनी पेलायचा असतो. आंतरराष्ट्रीय नृत्यवैद्यक संघटनेने बारा वर्षांच्या आत पॉइंट सुरू करू नये असे सुचवले आहे. आठवड्यातून दोनदा शिक्षण घेणाऱ्या सुदृढ मुलीने चौथ्या वर्षी ते सुरू करावे, आणि आठवड्यातून एकदाच वर्गाला जाणाऱ्या मुलीला त्यापासून परावृत्त करावे, असेही या संघटनेने म्हटले आहे. तयारी जोखण्याची एक पद्धत ‘विमान चाचणी’ म्हणून ओळखली जाते: एका पायावर उभे राहून धड पुढे आणि दुसरा पाय मागे जमिनीला समांतर न्यायचा, त्या अवस्थेत उभा पाय पाच वेळा वाकवून हातांनी जमिनीला स्पर्श करायचा आणि निदान चार वेळा गुडघा पावलाच्या रेषेत व कंबर समतोल राखायची.

सरावाचा हिशेब केवळ वर्गातल्या तासांचा नसतो. शहापूरजवळच्या आसनगावहून मुंबईपर्यंत लोकलने सुमारे दोन तास जातात, मुरबाडला तर अजून रेल्वेच नाही, एसटीने कल्याण गाठून पुढचा प्रवास करावा लागतो. आवणीच्या दिवसांत चिखलात वाकून भातलावणी केलेल्या मुलीच्या पोटऱ्या आणि कंबर वर्गाला निघण्याआधीच थकलेल्या असतात. हा सारा भार शरीर एकाच खात्यात जमा करते. म्हणून अशा आठवड्यांत सराव निम्म्यावर आणणे शहाणपणाचे ठरते. उंची झपाट्याने वाढत असतानाही उड्या कमी कराव्यात, कारण त्या काळात हाडे आधी लांबतात आणि स्नायू मागे राहतात. बारीक दिसण्यासाठी जेवण तोडणे तर सर्वथा अनिष्ट होय. खाणे अपुरे पडले की मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात, तेव्हा पाळीतील असा बदल ही वैद्यकीय तपासणीची सूचना समजावी.

या तालुक्यांतील आश्रमशाळांच्या शिक्षकांनी आणि पालकांनी दोन गोष्टींचा आग्रह धरावा. जाणत्या शिक्षकाने मुलीचे पाऊल आणि घोटा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पॉइंटचे बूट ऑनलाइन मागवू नयेत. आणि सुजलेला घोटा हाडवैद्याकडून चोळून घेऊ नये. एका बोटाने नेमकी जागा दाखवता येईल असे हाडाचे दुखणे उडी मारताना वाढत असेल, तर ती तणावामुळे पडलेली चीर असू शकते, आणि अशी चीर पहिले दोन-तीन आठवडे क्ष-किरण चित्रात बहुधा दिसत नाही. म्हणून शहापूरच्या उपजिल्हा किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात पहिले चित्र निर्दोष आले तरी वेदना आहे तोवर उड्या बंद ठेवाव्यात आणि डॉक्टरांना पुन्हा दाखवावे.