आकाशाचे रुमाल

होसकोटे हे गावाचे नाव मराठी वाचकाच्या परिचयाचे असलेच तर ते इतिहासग्रंथांतून असते. आदिलशाहीकडून शहाजीराजांना बंगळूर प्रांताची जी जहागीर मिळाली तीत कोलार, दोड्डबाळापूर आणि शिरे यांच्या बरोबरीने होसकोट्याचाही अंतर्भाव होता. आणि पुढे १७६८ च्या ऑगस्ट महिन्यात, इंग्रज व हैदरअली यांच्यातील पहिल्या युद्धाच्या धामधुमीत, गुत्तीकर मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर हैदराने रात्री जो छापा घातला आणि जो घोरपड्यांनी परतविला, तोही याच गावापाशी. बंगळूरच्या पूर्वेस, जुन्या मद्रास रस्त्यावर असलेल्या या तालुक्याच्या गावाजवळ आज भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे ‘क्रेस्ट’ नावाचे केंद्र आहे. त्या केंद्रात गेल्या पाव शतकात जी यंत्रे सिद्ध झाली व जी चालविली गेली, त्यांनी टिपलेली आकाशाची चित्रे आज कोणाही नागरिकाला घरबसल्या पाहता येतात, हे मात्र आपल्याकडील फारच थोड्यांना ठाऊक आहे.

या केंद्राचे पहिले मोठे काम हिमालयातील. लडाखमध्ये हान्ले येथे समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मीटर उंचीवर दोन मीटर व्यासाची हिमालयीन चंद्र दुर्बीण २००० साली कार्यान्वित झाली. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव धारण करणारी ही दुर्बीण चालविणारा ज्योतिर्विद मात्र त्या विरळ हवेत आणि जीवघेण्या थंडीत बसत नाही; तो होसकोट्यात बसतो. उपग्रहाच्या दुव्यावरून त्याची आज्ञा हान्लेला पोहोचते, दुर्बीण वळते, आणि टिपलेले चित्र त्याच मार्गाने होसकोट्यास येऊन दाखल होते.

त्यानंतरचे काम प्रत्यक्ष अंतराळातले होते. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून जो ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रह गेला, त्यावरील अतिनील दुर्बीण, म्हणजेच ‘यूव्हिट’, होसकोट्याच्या मेनन प्रयोगशाळेत जुळविली गेली. ताऱ्यांकडून येणाऱ्या अतिनील प्रकाशाचा फार मोठा भाग पृथ्वीच्या वातावरणातील ओझोन शोषून घेतो, म्हणून अशी दुर्बीण वातावरणाबाहेरच न्यावी लागते. आणि आरशावर साचलेला कोणत्याही बाष्पाचा अतिसूक्ष्म थरही हा प्रकाश गिळून टाकतो, म्हणून तिची जुळणी अत्यंत निर्मळ दालनांतच करावी लागते. होसकोट्याच्या प्रयोगशाळेचे महत्त्व या निर्मळतेत आहे.

ही दुर्बीण चित्र कसे काढते हे थोडे बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण ते समजल्यावाचून तिच्या चित्रांचे खरे मोल कळत नाही. प्रत्येकी ३८ सेंटिमीटर व्यासाच्या दोन दुर्बिणी शेजारी शेजारी बसविलेल्या असून त्यांतील एक दूरच्या अतिनील प्रकाशासाठी, तर दुसरी जवळच्या अतिनील व दृश्य प्रकाशासाठी आहे. आपल्या साध्या कॅमेऱ्याप्रमाणे झडप उघडी ठेवून प्रकाश साठवीत बसणे हिला परवडत नाही. कारण उपग्रह अवकाशात पूर्ण स्थिर कधीच नसतो, तो मंदगतीने डुलत असतो, आणि तशा डुलण्यात घेतलेल्या चित्रातील प्रत्येक तारा रेघ होऊन बसेल. म्हणून दर सेकंदास सुमारे २९ चौकटी टिपल्या जातात, प्रत्येक चौकटीत जो जो प्रकाशकण येऊन आदळला त्याचे स्थान वेगळे नोंदले जाते, दृश्य प्रकाशातील ताऱ्यांच्या हालचालीवरून उपग्रह त्या क्षणी किती व कोणीकडे सरकला याचा हिशेब मांडला जातो, आणि मग पृथ्वीवर, निवांतपणे, प्रत्येक कणाला त्याच्या मूळ जागी नेऊन बसविण्यात येते. असे हजारो चौकटींतले कण गोळा झाले म्हणजे एक चित्र उभे राहते. अतिनील प्रकाशात तारे विरळ भासतात आणि अंधुक वस्तूकडून येणारे कण तर मोजके असतात; तेव्हा अशा चित्रातील प्रत्येक ठिपका हा मोजदाद करून, नोंद करून, जागेवर लावलेला ऐवज असतो. पुण्याच्या ‘आयुका’तील कनक साहा आणि त्यांचे सहकारी यांनी २०२० साली ९३० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या ज्या दीर्घिकेच्या तीव्र अतिनील प्रकाशाचा शोध प्रसिद्ध केला, तो याच दुर्बिणीच्या नोंदींतून लागला.

या नोंदी राहतात कोठे? बंगळूरच्या नैर्ऋत्येस ब्याळालू या गावी, जेथे चांद्रयानाशी बोलण्यासाठी उभारलेली ३२ मीटर व्यासाची प्रचंड तबकडी आहे, तेथेच भारतीय अंतराळ विज्ञान विदा केंद्र आहे. आणि भारताच्या वैज्ञानिक यानांचे सारे दफ्तर त्याच्या ताब्यात आहे. ज्या संशोधकाच्या मागणीवरून निरीक्षण झाले, त्याला काही मुदतीपुरता अग्रहक्क मिळतो. मुदत संपली की ती नोंद सर्वांना खुली होते. ॲस्ट्रोसॅटचे दफ्तर २०१८ च्या सप्टेंबरात खुले झाले. चांद्रयान-२ ची चित्रे २०२० च्या डिसेंबरपासून ‘प्रदान’ नावाच्या संकेतस्थळावरून मिळू लागली. चांद्रयान-३ आणि सूर्याचा वेध घेणारे आदित्य-एल१ या यानांची विदाही पुढे तेथेच आली. नाव नोंदवावे लागते, परंतु दाम पडत नाही.

हे खुलेपण किती मोलाचे आहे, हे निदान मराठी माणसाला सांगावे लागू नये. पुण्यातील पेशवे दफ्तर इंग्रजी अमदानीत दीर्घकाळ अभ्यासकांना मोकळेपणाने पाहता येत नव्हते. त्यातील निवडक पत्रांचे पंचेचाळीस खंड गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली निघू लागले तेव्हा विसाव्या शतकाचे चौथे दशक उजाडत आले होते. आणि त्यापूर्वी, १८९८ साली, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढताना वि. का. राजवाडे यांनी जो आग्रह धरला, की बखरीपेक्षा त्या काळचा अस्सल कागद प्रमाण मानावा, तो आकाशाच्या या दफ्तरालाही जसाच्या तसा लागू पडतो.

कारण अंतराळाच्या चित्रांतही बखरी आहेत आणि अस्सल कागद आहेत. वर्तमानपत्रांतून व मोबाईलवरून जी रंगीबेरंगी तेजोमेघांची व दीर्घिकांची चित्रे आपल्यापर्यंत येतात, ती बहुधा निरनिराळ्या गाळण्यांतून घेतलेल्या अनेक कृष्णधवल चित्रांना रंग नेमून देऊन, त्यांचा मेळ घालून, रचलेली असतात. ती खोटी नव्हेत. कित्येक वेळा ती फार विवेकाने केलेली असतात आणि सुंदर तर असतातच. परंतु ती कोणीतरी सांगितलेली हकीकत आहे. मूळ कागद निराळा असतो. खगोलविदांच्या व्यवहारात तो ‘फिट्स’ नावाच्या धारिकेत असतो, आणि ‘डीएस९’ सारख्या विनामूल्य प्रणालीने ती उघडली की नवख्या माणसाला प्रथम जवळजवळ काळाच पडदा दिसतो. मग उजेडाचे प्रमाण बदलावे, सरळ श्रेणीऐवजी लघुगणकीय श्रेणी निवडावी, की त्या अंधारातून एकेक तारा वर येऊ लागतो. चित्राच्या आधी शीर्षभाग असतो. त्यात ऐंशी ऐंशी अक्षरांच्या ओळींत वस्तूचे नाव, निरीक्षणाची तारीख, आकाशातील स्थान, किती सेकंद प्रकाश घेतला, कोणती गाळणी लावली, असा सारा तपशील नोंदलेला असतो. जुन्या पत्राच्या मायन्यावरून व मितीवरून अभ्यासक जसा पत्राचा काळ आणि प्रसंग ठरवितो, तसाच हा शीर्षभाग वाचूनच पुढे जावे. तो न वाचता नुसते चित्र पाहणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

अस्सल कागद वाचणाऱ्या सामान्य माणसाच्या हातून काय घडू शकते, याचा दाखला आपल्या देशातच आहे. चांद्रयान-२ चा विक्रम हा अवतरक ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चंद्रावर आदळला आणि त्याचा ठाव लागेना. अमेरिकेच्या चंद्रप्रदक्षिणा करणाऱ्या यानाने १७ सप्टेंबरास त्या प्रदेशाची चित्रे घेतली व नासाने ती सर्वांसाठी प्रसिद्ध केली. चेन्नईचे अभियंते षण्मुग सुब्रमणियन यांचा अंतराळसंशोधन हा व्यवसाय नव्हता. त्यांनी ते विस्तीर्ण चित्र आणि त्याच जागेची जुनी चित्रे शेजारी ठेवून इंचाइंचाने त्यांची रुजवात घातली, आणि पूर्वी जेथे काहीच नव्हते तेथे एक उजळ ठिपका त्यांना आढळला. त्यांनी तो कळविला. नासाच्या चमूने नंतरच्या चित्रांवरून पडताळा घेतला आणि डिसेंबर २०१९ च्या आरंभी त्यांच्या नावानिशी तो शोध जाहीर केला. तो ठिपका मुख्य आघातस्थानापासून सुमारे ७५० मीटरांवर पडलेला विक्रमचा अवशेष होता. एका ठिपक्यासाठी एवढी चिकाटी दाखविणाऱ्या या गृहस्थाविषयी मला फार आदर वाटतो. दफ्तर खुले नसते तर ती चिकाटी व्यर्थ गेली असती.

सूर्याच्या चित्रांच्या बाबतीत तर मराठी मुलखाचा आणि या संस्थेचा ऋणानुबंध शंभर वर्षांहून जुना आहे. राजवाड्यांचा पहिला खंड निघाला त्याच १८९८ सालच्या २२ जानेवारीस खग्रास सूर्यग्रहण झाले, आणि ते टिपण्यासाठी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे आपली यंत्रे मांडली. पुढे त्यांची पुण्यातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा बंद झाली आणि तिची यंत्रे १९१२ साली कोडाईकनालच्या सौर वेधशाळेस गेली. ती वेधशाळा आज होसकोट्याचे केंद्र चालविणाऱ्या त्याच भारतीय खगोलभौतिकी संस्थेची आहे. तेथे १९०४ पासून रोजच्या रोज काचेच्या व फिल्मच्या पट्ट्यांवर घेतलेली सूर्याची चित्रे आता संगणकीय रूपात उतरविलेली असून तीही पाहावयास खुली आहेत.

जेऊरला ज्यासाठी ग्रहणाची वाट पाहावी लागली, ते सूर्याचे प्रभामंडल आता रोज पाहता येते. सूर्यबिंबाच्या तुलनेत हे मंडल लाखो पटींनी फिके, म्हणून बिंब झाकल्यावाचून ते दिसत नाही. आणि हे झाकण्याचे काम करणारा ‘व्हेल्क’ हा प्रभामंडललेखक होसकोट्याच्या प्रयोगशाळेतच जुळवून व पारखून २०२३ च्या जानेवारीत इस्रोच्या स्वाधीन करण्यात आला. तो घेऊन आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरांवरच्या आपल्या कक्षेत स्थिरावले. दिवसाला १,४४० चित्रे, म्हणजे मिनिटास एक, घेण्याची या यंत्राची क्षमता आहे. त्याच यानावरील ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या आयुकाने घडविली असून ती निरनिराळ्या अकरा गाळण्यांतून सूर्याचे पूर्ण बिंब अतिनील प्रकाशात टिपते. होसकोट्याचे आणि पुण्याचे यंत्र असे एकाच यानावर बसून एकाच सूर्याकडे पाहत आहे, आणि दोहोंच्या नोंदी ब्याळालूच्या एकाच दफ्तरात पडत आहेत.

दफ्तर जपले नाही तर काय होते, हे मात्र संपन्न देशांनाही भोगावे लागले आहे. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला तेव्हाची दूरचित्रवाणीची मूळ फीत, जिच्यातील चित्र आपण पाहतो त्या प्रक्षेपणाहून अधिक स्पष्ट होते, नासाला पुढे शोधूनही सापडली नाही. ती पुसून पुन्हा वापरली गेली असावी, असा निष्कर्ष २००९ साली काढावा लागला. उलट १९६६-६७ मधील ‘लूनर ऑर्बिटर’ यानांच्या फिती एका दक्ष अभिलेखपाल स्त्रीच्या हट्टामुळे शिल्लक राहिल्या, आणि चाळीस वर्षांनी त्या वाचण्याची जुनी यंत्रे दुरुस्त करून, चंद्राजवळून घेतलेले पृथ्वीचे पहिले चित्र पूर्वी कधी नव्हते इतके स्वच्छ पाहता आले. रद्दीच्या भावाने गेलेल्या आपल्याकडील रुमालांची, म्हणजे जुन्या कागदांच्या गाठोड्यांची, आठवण ज्यांना आहे, त्यांना या दोन हकीकतींचा अर्थ सांगणे नलगे.

नासाचे चित्र व चलच्चित्र भांडार मात्र आज ब्याळालूच्या दफ्तरापेक्षा सर्वसामान्यांसाठी अधिक सुलभ आहे. तेथे एक शब्द टंकावा आणि चित्रे समोर यावीत, प्रत्येकाखाली साध्या भाषेतील टीप असावी, आणि बहुतेक चित्रे श्रेयनिर्देश करून मुक्तपणे वापरता यावीत, अशी व्यवस्था आहे. आपले दफ्तर अजून तज्ज्ञांच्या सोयीने रचलेले आहे. यानाचे, यंत्राचे व धारिकेच्या प्रतीचे नाव ठाऊक असल्याशिवाय त्यात शिरलेला माणूस वाट चुकतो, आणि मराठीत तर वाट दाखविणारे जवळजवळ काहीच नाही. हा दोष दूर होण्याजोगा आहे आणि तो दूर झाला पाहिजे. ज्यांना आजच आरंभ करावयाचा आहे त्यांनी नासाच्या भांडारात एखाद्या यानाच्या नावाने शोध घेऊन सवय करावी, नंतर कोडाईकनालच्या जुन्या सूर्यचित्रांकडे वळावे, कारण ती वाचण्यास सोपी आहेत. आणि मग ‘प्रदान’वर नाव नोंदवून चांद्रयानाची एक, केवळ एकच, धारिका उतरवून घेऊन तिचा शीर्षभाग शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. मराठी विज्ञान परिषदेसारख्या संस्थेने शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांसाठी एक छोटी मार्गदर्शक पुस्तिका काढावी, तीत ‘फिट्स’ धारिका उघडण्याची रीत, शीर्षभागातील मुख्य खुणांचे अर्थ आणि सरावासाठी आठ-दहा निवडक निरीक्षणे द्यावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.