खापरखवल्या: ज्याची शेपटी तुटलेली नसते

परवा लोणावळ्याजवळ पावसात रस्त्यावर घोळका दिसला. मध्ये वीतभर, काळपट, चकाकणारा साप. ‘दुतोंड्या आहे, मारा!’ एक काका काठी घेऊन तयार. मी मोबाइल काढला आणि डोकं समजून शेपटीचाच फोटो घेतला.

तो होता फिप्सनचा खापरखवल्या, अगदी बिनविषारी. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बीएनएचएसचे मानद सचिव असलेल्या फिप्सन यांचं नाव त्याला १८८८ मध्ये मिळालं. याचं कुळ जगात फक्त भारतीय द्वीपकल्पात आणि श्रीलंकेत आहे.

निमुळतं टोक म्हणजे डोकं, माती भेदायला. शेपटी मात्र तिरकी छाटल्यासारखी, वर खरखरीत ढाल. तिला माती चिकटते आणि मागून बीळ बुजतं. फायरवॉलच की! खाणं गांडुळं, आणि अंडी न घालता थेट पिल्लंच होतात. एरवी जमिनीखाली राहणारा हा पावसाळ्यात वर येतो, नेमका वीकेंडच्या गाड्यांच्या वाटेत.

काकांना डोकं कुठलं ते दाखवलं, तेव्हा काठी खाली आली. (ओळख पक्की नसेल तर हात लावू नका, सर्पमित्राला बोलवा.) पुठ्ठ्यावर घेऊन कडेच्या पाचोळ्यात सोडला. डोकं लगेच मातीत; थोडा वेळ फक्त चिखलाची टोपी दिसत होती.