घासातला घास



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही "स्वयंपाक आणि पंगत" असे सांगितले. ते हसले. कामगार संघटनेचा माणूस वेतनावर बोलेल, संपावर बोलेल, फार तर कायद्यावर बोलेल, पण भाकरी-भाजीवर? आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि जिनिंगच्या फाटकाशी. त्या फाटकाशी तीस वर्षे उभे राहून एक गोष्ट ध्यानात आली, ती अशी की माणसे एकत्र कशी येतात हे समजून घ्यायचे असेल, तर ती जेवतात कशी, कोणाबरोबर आणि कोणाच्या हातचे, हे आधी पाहावे लागते. म्हणून हा विषय. तो जितका साधा दिसतो तितका साधा नाही.

प्रथम भाकरीपासून सुरुवात करू. आपल्या जिल्ह्यात ज्वारीची भाकरी हे मुख्य अन्न. पोळी लाटतात, भाकरी थापतात. असे का, याचा विचार आपण क्वचितच करतो. गव्हात एक चिकट प्रथिन असते, त्यामुळे त्याची कणीक ताणली जाते. ज्वारीत ते नसते. म्हणून पिठात कढत पाणी घालावे लागते. पिठातले सत्त्व त्या उष्णतेने फुगते, चिकटते आणि गोळा एकजीव होतो. मग तळहाताच्या टाचेने तो चांगला मळायचा आणि परातीत थापायचा. पीठ जुने झाले की आपल्या आयाबाया म्हणतात, "पिठाची विरी गेली." मग कितीही मळा, भाकरी कडेने तुटते. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि मग निखाऱ्यावर उभी धरायची. ती टम्म फुगली की पापुद्रा सुटतो. त्या पापुद्र्यावर तेल, मीठ आणि मिरचीचा ठेचा. शेजारी अंबाडीची भाजी किंवा झुणका. मलकापूरकडे ज्वारीत उडीद मिसळून दळलेली कळण्याची भाकरी असते. तिच्याशी ठेच्याची जोडी काही औरच.

ही सगळी विद्या कोणत्याही शाळेत शिकवली जात नाही. ती हातातून हातात येते. आमच्या आईला अक्षर येत नव्हते. पण पिठात बोट घालून ते किती दिवसांचे आहे हे ती सांगत असे. हिला आपण कौशल्य म्हणत नाही, कारण तिची मजुरी कोणी देत नाही. कामगाराच्या कौशल्याची बाजू मांडण्यात आमचे आयुष्य गेले, आणि घरातल्या चुलीशी बसलेल्या कुशल कामगाराकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले. त्याविषयी पुढे सांगू.

आता जिनिंगच्या फाटकाकडे येऊ. दिवाळीनंतर कापूस येऊ लागतो आणि हंगाम सुरू होतो. रेच्यांचा आवाज, हवेत तरंगणारी रुईची तुसे, आणि त्या आवाजात दिवसभर उभी असलेली माणसे. १९४८ च्या कारखाने कायद्याने सलग पाच तासांपेक्षा अधिक काम न घेता मध्ये निदान अर्ध्या तासाची सुट्टी द्यावी, असे ठरवले. दीडशेहून अधिक कामगार असतील तेथे जेवणासाठी जागा आणि अडीचशेहून अधिक असतील तेथे उपाहारगृह, असेही त्यात होते. २०२० च्या नव्या संहितेने उपाहारगृहाची मर्यादा शंभर कामगारांवर आणली आणि त्या मोजणीत कंत्राटी कामगारही धरले. हे चांगलेच झाले. परंतु कायदा जागा देऊ शकतो, वेळ देऊ शकतो. त्या जागेत कोण कोणाशेजारी बसेल हे कायद्याला ठरवता येत नाही.

आम्ही ज्या कारखान्यात प्रथम संघटना बांधू लागलो, तेथे सुट्टीची घंटा झाली की चार घोळके होत. एक गावच्या पुरुषांचा, एक बाहेरगावाहून आलेल्या हंगामी मजुरांचा, एक बायांचा, आणि एक भिंतीकडेच्या निंबाखालचा. निंबाखाली कोण बसत असे आणि ते तेथेच का बसत, हे येथे फोडून सांगण्याची आवश्यकता नाही. कोणी त्यांना "तिकडे बसा" असे म्हटले नव्हते. कोणी "इकडे या" असेही म्हटले नव्हते. आम्ही सुट्टीत उभे राहून ऐक्यावर भाषण करीत असू. चारही घोळके ऐकत, मान हलवत आणि आपापल्या जागी जेवत.

एके दिवशी भाषण संपवून आम्ही निंबाखाली गेलो. तेथल्या एका हमालाने भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर चटणी ठेवली आणि हात पुढे करून म्हटले, "घ्या भाऊ." आम्ही म्हटले, "आत्ताच जेवलो." आमचा डबा पिशवीत होता, भरलेला होता. पिशवी खांद्याला होती आणि ती त्याला दिसत होती. त्याने हात मागे घेतला, तुकडा स्वतः खाल्ला आणि पावतीपुस्तकाविषयी काहीतरी विचारले. बस्स, एवढेच घडले. पण सायकलवरून घरी येताना आमच्या मनाला जी लाज वाटली, ती आजही विसरलेली नाही. आपण जात मानत नाही असे आम्ही समजत होतो. आमच्या जिभेने ती सोडली होती; हाताने सोडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही आपणहून जाऊन विचारले, "आज आहे का भाकर?" तो म्हणाला, "काल होती, भाऊ." त्यात राग नव्हता. तिसऱ्या दिवशी आम्ही डबा उघडून त्याच्याशेजारी बसलो, काही न बोलता. तेव्हा त्याने अर्धी भाकर आमच्या डब्यात ठेवली. त्या हंगामात आम्ही सुट्टीतली भाषणे बंद केली आणि रोज एका घोळक्यात जेवू लागलो. पुढे बायांच्या घोळक्यातल्या एक वयस्क मावशी गाडगेभर अंबाडीची भाजी घेऊन अंगणाच्या मधोमध बसल्या आणि म्हणाल्या, "ज्याला पाहिजे त्यानं इथं यावं, मी काई चौकडे फिरत नाई." चार घोळक्यांचा एक व्हायला दोन हंगाम लागले, पण झाला.

याचा इतिहास जुना आहे. ज्या वसंत व्याख्यानमालेचे नाव आपण येथे चालवतो, ती पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली. त्याच पुण्यात १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानासाठी जमली असता त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. कोणी घेतली, कोणी नुसता पेला हाती धरला. पुढे ती नावे छापून आली आणि मोठे ग्रामण्य झाले. रानडे, टिळक यांच्यासारख्यांनाही त्यातून सुटका नव्हती. रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. हायकोर्टापर्यंत पोचणारा विद्वान एका पेल्यापुढे अडतो, तेथे तुमची-आमची काय कथा? दुसरीकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे दुकान काढण्यास साहाय्य केले आणि स्वतः तेथे थांबून चहा घेतला. राजाने अध्यादेश काढण्यापेक्षा कपभर चहा पिण्याचा परिणाम कधी अधिक होतो, तो असा.

आपल्या जिल्ह्याला तर हा विषय परका नाहीच. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावी गजानन महाराज प्रथम दिसले, ते पंगतीच्या उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खाताना, अशी कथा घरोघर सांगतात. भाविकांनी तिचा अर्थ भक्तीने लावावा. आमच्यासारख्याला त्यात इतके दिसते की, आत पंगत झडत असते तेव्हा दाराबाहेर कोण आहे हे पाहण्याची सवय या कथेने लोकांना लावली. मेहकर तालुक्यात हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीच्या उत्सवात लाखांवर माणसे उघड्या रानात रांगांनी बसतात आणि ट्रॅक्टरांतून पुऱ्या व वांग्याची भाजी त्यांच्यापर्यंत येते. तेथे शेजारचा कोण हे विचारण्यास सवड नसते. मुंबईच्या गिरणगावात खानावळवाल्या बायांनी गिरणी कामगारांच्या पिढ्या पोसल्या. संपात पगार थांबला तरी उधारीवर ताट वाढले. ही त्यांची कमाई कोणाच्या हिशेबी नव्हती. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या आणि पुढे कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायांना संघटित केले आणि सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. रांधणारीही कामगार आहे, ही गोष्ट त्यांनी आमच्यासारख्यांच्या आधी ओळखली.

आता रोडग्यांविषयी सांगितल्याशिवाय वऱ्हाडातल्या पंगतीचे वर्णन पुरे होणार नाही. गव्हाचे जाडसर पीठ घ्यावे, त्यात मीठ, ओवा व तेलाचे मोहन घालून घट्ट भिजवावे. एक लहान गोळा करून त्याला तेल लावायचे, त्यावर दुसरी पारी, पुन्हा तेल, पुन्हा पारी. असा मोठ्या संत्र्याएवढा गोळा वळायचा. रानात गोवऱ्यांचा जाळ करायचा. धूर संपून नुसता विस्तव उरला की त्यात रोडगे मांडायचे, फिरवायचे, आणि राखेने झाकून ठेवायचे. घाई केली तर वरून करपतात आणि आत कच्चे राहतात. शिजले की पोत्यात घालून दोघांनी दोन टोके धरून हलवायचे, म्हणजे राख झडते. मग फोडून, तूप घालून, वरण आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. पदर सुटलेल्या त्या रोडग्याची चव शब्दांत सांगण्याच्या भानगडीत आम्ही पडत नाही.

रोडगे एकट्यासाठी होत नाहीत. चार रोडग्यांसाठी कोणी गाडाभर गोवऱ्या जाळीत नाही. विस्तव एकदा केला की पन्नास माणसांचे होऊन जाते. शिवाय हा स्वयंपाक रानात असतो, आणि त्यात पुरुषांचे हात लागतात. म्हणून आमच्या संघटनेने हंगामाच्या अखेरीस रोडग्यांची पंगत सुरू केली. वर्गणी ज्याला जमेल ती; कोणी गहू, कोणी वांगी, कोणी नुसत्या गोवऱ्या.

पहिल्या वर्षी पुरुष जेवले, बायांनी वाढले आणि शेवटी जे उरले ते त्यांनी खाल्ले. कोणालाच ते खटकले नाही, आम्हांसही नाही. त्या रात्री घरी आल्यावर आमच्या मंडळींनी सहज विचारले, "बायांना भाजी पुरली का?" आम्हांस उत्तर देता येईना, आम्ही पाहिलेच नव्हते. संघटनेच्या बैठकी आमच्या घरी होत. वीस-वीस माणसे जेवून जात. त्या दिवशी पातेल्यात काय उरत असेल, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नव्हता. समान वाटणीची भाषा बोलणाऱ्याने आपल्याच घरची वाटणी पाहिली नव्हती. दुसऱ्या वर्षी ठराव केला की पहिली पंगत बायांची. तर बाया बसेनात! एक उठे, दुसरी म्हणे "मी वाढते." अखेर त्याच मावशी बसल्या आणि सुनेच्या वयाच्या पोरींना हाताला धरून बसवले. वाढताना आमच्या हातून वरण सांडले, भाजी कोणाला दोनदा गेली, कोणाला गेलीच नाही. वाढणे हेही एक काम आहे, ते त्या दिवशी कळले.

एकत्र जेवण्याने एवढे काय साधते, असे कोणी विचारील. आमचा अनुभव सांगतो. डबा हा कामगाराचा ताळेबंद असतो. हंगामात त्यात भाजी दिसते. आषाढ जवळ आला की नुसते मीठ-मिरची उरते. जो लागोपाठ तीन दिवस "उपास आहे" म्हणतो, त्याचा उपास देवासाठी नसतो. कोणाची मजुरी थकली, कोणाच्या घरी आजार आहे, कोण सावकाराकडे गेला, हे अर्जावर लिहून येण्याच्या कितीतरी आधी डब्यात दिसते. ज्याच्या डब्यातली चटणी आपण खाल्ली, त्याला नोटीस आली असता आपण घरी बसून राहू शकत नाही.

पंगतीचे दोष आम्ही झाकीत नाही. लग्नाच्या पंगतीत अन्नाची नासाडी होते, कर्ज काढून गावजेवणे घातली जातात, मानपानाच्या रांगा लागतात. त्या पंगतीचा पुरस्कार आम्ही करीत नाही. आणि जुन्या काळचे सगळे चांगले होते असेही म्हणत नाही. धुराने डोळे गेलेल्या बायांना विचारले म्हणजे गॅसच्या शेगडीचे मोल कळते. आज हॉटेलातले जेवण मोबाईलवर मागवता येते, त्यातही वाईट काही नाही. मात्र ते आणून देणाऱ्या पोराला आपण दारात पाणी तरी विचारतो काय, एवढे प्रत्येकाने आपल्याशी पाहावे.

व्याख्यान संपल्यावर आपण सारे घरी जाल. चूल आज कोणी पेटवली, शेवटचे ताट कोणाचे आणि त्यात काय आहे, हे पाहावे. एखाद्या दिवशी भाकरी आपण थापावी; पहिल्या चार तुटतील, तुटू द्याव्यात. आणि ज्याच्या हातचे आजवर खाल्ले नाही असा एखादा शेजारी, सहकारी किंवा घरी कामाला येणारी बाई असेल, तर तिच्यासह जेवायला बसावे आणि तिने पुढे केलेला घास घ्यावा. आम्ही एकदा तो नाकारला होता. ज्याने तो पुढे केला होता, तो आता हयात नाही. त्याचा मुलगा यंदाच्या रोडग्यांच्या पंगतीचा विस्तव सांभाळणार आहे. जागा कारखान्यामागच्या रानात आहे, वर्गणी जमेल ती आहे. आपण यावे.