प्रत्येक रोग्याला वेगळा काढा : मग परीक्षा कशी घ्यायची?

समजा, दोन रोगी एका चिनी पारंपरिक वैद्याकडे गेले. दोघांनाही जिना चढताना धाप लागते, दोघांनाही वर्षानुवर्षे खोकला आहे. वैद्य दोघांना नीट न्याहाळतो, त्यांचा आवाज व श्वास ऐकतो, प्रश्न विचारतो, नाडी पाहतो, जीभ तपासतो. आणि दोघांना वेगवेगळ्या वनस्पतींचा काढा लिहून देतो. पुढच्या भेटीत त्यातील दोन वनस्पती वगळतो, एखादी नवी घालतो. आता या उपचाराचा उपयोग होतो की नाही, हे ठरवायचे कसे? चाचणी घ्यायची ती नेमकी कोणत्या औषधाची?

'आमचे औषध माणसागणिक बदलते, म्हणून तुमच्या चाचण्या आम्हाला लागू नाहीत,' असे काही जण म्हणतात. प्रकृती पाहून औषध देण्याची परंपरा आपल्याकडेही असल्याने हा युक्तिवाद आपल्या परिचयाचा आहे. तो कितपत टिकतो ते पाहू.

प्रथम आजार समजून घेऊ. फुप्फुसांच्या या दीर्घकालीन विकाराला सी.ओ.पी.डी. म्हणतात. तंबाखूचा धूर, चुलीचा धूर, कारखान्यातील धूळ यांमुळे श्वासनलिका सुजतात व अरुंद होतात. वायुकोशांच्या नाजूक भिंती नष्ट होतात. रोग्याला एका दमात जेवढी हवा बाहेर टाकता येते, तिच्यापैकी निदान ७० टक्के हवा पहिल्या सेकंदात बाहेर पडली पाहिजे. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही ती त्याहून कमी पडली, तर मार्गात अडथळा आहे असे समजतात. झालेली हानी भरून येत नाही. धूम्रपान सोडल्याने ऱ्हास मंदावतो आणि इनहेलरने श्वास सुकर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये या आजाराने सुमारे ३५ लाख माणसे दगावली. जो आजार पूर्ण बरा होत नाही, त्याचा रोगी दुसरा मार्ग शोधणारच. म्हणून प्रश्न महत्त्वाचा आहे.

चिनी पारंपरिक वैद्यक या एका आजाराचे लक्षणसमूहांनुसार पोटप्रकार पाडते. कोणात 'फुप्फुसाची शक्ती क्षीण', कोणात 'फुप्फुस व प्लीहा दोन्ही क्षीण', कोणात 'फुप्फुस व मूत्रपिंड क्षीण'. येथे प्लीहा किंवा मूत्रपिंड म्हणजे शरीरशास्त्रातील अवयव नव्हेत, तर त्या शास्त्राने मानलेली कार्ये होत. उपचार ठरतो तो या पोटप्रकारावर.

'रोग्यांना बरे वाटले' एवढा पुरावा का पुरत नाही, यासाठी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. ४८ विद्यार्थ्यांना प्रत्येकी एकदा फासा टाकायला सांगा. ज्यांना १ किंवा २ पडले ते 'आजारी'. असे साधारण १६ जण निघतील. त्यांना चिमूटभर बडीशेप खायला देऊन पुन्हा फासा टाकायला लावा. सरासरीने १६ पैकी १२ जणांना आधीपेक्षा जास्त दान पडेल. म्हणजे बडीशेपेचा गुण चारांपैकी तिघांना आला! सी.ओ.पी.डी. हा चढउतारांचा आजार आहे. रोगी वैद्याकडे जातो तो दम वाढल्यावर, आणि त्यानंतर काही दिवसांनी तो थोडाफार उतरतोच. त्याचे श्रेय मधल्या काळात घेतलेल्या औषधाला मिळते. ही चूक टाळण्यासाठी तुलनेचा गट हवा. 'आजारी' विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना बडीशेप दिलीच नाही, तर तेही तेवढेच 'सुधारलेले' दिसतील.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. औषध माणसागणिक बदलत असले, तरी ते ठरवण्याची रीत तीच असते. मग चाचणी एका काढ्याची न घेता त्या रीतीची घ्यावी. वैद्याने हवे ते लिहून द्यावे, हवे तेव्हा बदलावे. फक्त चिठ्ठी आणि रोगी यांच्यामध्ये एक औषधनिर्माता बसवावा. कोणाला खरे औषध द्यायचे आणि कोणाला हुबेहूब तसेच दिसणारे नकली औषध, म्हणजे प्लासिबो, हे सोडत काढून ठरलेले असते व ते फक्त त्यालाच ठाऊक असते. वैद्याच्या स्वातंत्र्याला बाध येत नाही आणि तुलनाही नि:पक्षपाती होते.

ही केवळ कल्पना नाही. आतड्याच्या एका चिवट विकारावर, इरिटेबल बॉवेल सिंड्रोमवर, ऑस्ट्रेलियात अशी चाचणी झाली आणि १९९८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ११६ रोग्यांचे तीन गट केले होते : ३८ जणांना वैयक्तिक चिनी औषध, ४३ जणांना सर्वांसाठी एकच ठरावीक चिनी मिश्रण, ३५ जणांना प्लासिबो. काढ्याची चव लपवणे कठीण, म्हणून सर्वांना सारख्या दिसणाऱ्या कॅप्सूल दिल्या. तीन गटांची योजना मुद्दाम पाहावी. पहिल्या व तिसऱ्या गटाची तुलना 'उपयोग होतो का?' हे सांगते. पहिल्या व दुसऱ्याची तुलना 'वैयक्तिक केल्याने अधिक उपयोग होतो का?' हे सांगते. सोळा आठवड्यांच्या उपचारानंतर दोन्ही औषधगट प्लासिबोपेक्षा सरस ठरले, पण वैयक्तिक औषध ठरावीक मिश्रणाहून वरचढ ठरले नाही. उपचार थांबवल्यावर चौदा आठवड्यांनी मात्र सुधारणा टिकली ती वैयक्तिक गटातच. निष्कर्ष दोन्ही बाजूंना विचार करायला लावणारा आहे. परंतु गट लहान होते आणि एका चाचणीवर इमारत उभी करता येत नाही. २००७ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी वैयक्तिक वनस्पती-उपचारांच्या यादृच्छिक चाचण्यांचा, सर्व आजार धरून, शोध घेतला तेव्हा त्यांना अवघ्या तीन सापडल्या आणि त्यांतून खात्रीलायक आधार मिळाला नाही.

सी.ओ.पी.डी.चे काय? चीनमध्ये चार केंद्रांत ३५२ रोग्यांवर झालेली एक चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वांचे नेहमीचे उपचार चालू ठेवले होते, आणि हे योग्यच होते. निम्म्या रोग्यांना त्याशिवाय पोटप्रकारानुसार तीनपैकी एक चिनी औषध दिले. त्या गटात आजार उफाळण्याचे प्रमाण कमी आढळले. पण या चाचणीत प्लासिबो नव्हता. आपल्याला जादा औषध मिळते आहे हे रोग्यांना व वैद्यांना माहीत होते. 'दम कमी झाला का?' या प्रश्नाच्या उत्तरावर अशा माहितीचा प्रभाव पडतो. शिवाय पोटप्रकार न पाहता एकच औषध दिलेला गट नसल्याने निवडीचे महत्त्वही कळत नाही. म्हणून हा निकाल पुढील चाचणीचे कारण ठरतो, अंतिम उत्तर नव्हे.

आणखी एक मार्ग आहे : एकाच रोग्यावर चाचणी. चार आठवडे खरे औषध, चार आठवडे प्लासिबो. क्रम सोडतीने ठरवायचा आणि अशा तीन जोड्या करायच्या. प्रत्येक जोडीतील बरा कालखंड कोणता, हे रोग्याने नोंदवायचे. तिन्ही वेळा खरे औषधच केवळ योगायोगाने बरे वाटण्याची शक्यता आठात एक. तेव्हा एका रोग्यावरून नव्हे, तर अनेकांच्या अशा नोंदी एकत्र केल्यावरच बळ येते. ही पद्धत आजार स्थिर असताना व औषधाचा परिणाम लवकर ओसरत असेल तरच चालते. वर्षातून एखाद-दोनदा उफाळणारा त्रास तिने मोजता येत नाही.

चाचणीपूर्वीच सोडवायच्या दोन अडचणी राहतात. एकच रोगी दोन वैद्यांनी स्वतंत्रपणे तपासला तर पोटप्रकार एकच सांगतात का? न सांगितल्यास 'रीत' एक नाही, आणि चाचणी कशाची झाली हेच कळणार नाही. दुसरी अडचण वनस्पतींच्या ओळखीची. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन घटवण्यासाठी घेतलेल्या चिनी वनस्पतींच्या मिश्रणात सारख्या नावामुळे एका वनस्पतीऐवजी अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातील विषारी वनस्पती आली आणि अनेकांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. वनस्पतिजन्य म्हणून निर्धोक, असे मानता येत नाही.

याचा अर्थ जुने ज्ञान टाकाऊ आहे असाही नव्हे. मा हुआंग या चिनी औषधी वनस्पतीतून जपानी शास्त्रज्ञ नागाई यांनी १८८५ मध्ये एफेड्रिन वेगळे केले आणि ते पुढे दम्यावर अनेक वर्षे वापरले गेले. परंपरा प्रश्न सुचवते. उत्तर परीक्षेतून मिळते.

तेव्हा कोणी घरातील दमेकऱ्याला 'खास तुमच्या प्रकृतीचे' औषध सुचवले, तर आपण चार गोष्टी विचाराव्यात : तुलना कशाशी केली? गट सोडतीने पाडले का? कोणाला काय मिळते हे लपवले होते का? त्यात नेमके काय आहे? उत्तरे मिळेपर्यंत डॉक्टरांना न विचारता इनहेलर बंद करू नये. हे प्रश्न आपण वर्गात शिकवले, तर फाशांचा खेळ सार्थकी लागला असे आम्ही समजू.