मतपत्रिकेची गोष्ट – ६ : एक खूण, सगळं पॅनेल

साखर कारखान्याची निवडणूक पाहिलेल्या माणसाला ‘पॅनेल टू पॅनेल’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. प्रचाराच्या शेवटच्या दिवशी एकच विनवणी असते : मत फोडू नका. तरी आपल्याकडे शिक्का एकेका उमेदवारापुढेच मारावा लागतो. अमेरिकेतल्या काही राज्यांनी मात्र ही सोय मतपत्रिकेवरच छापून टाकली. वर पक्षांची नावं. त्यातल्या एकापुढची खूण केली की राज्यपालापासून कौंटीच्या पदांपर्यंत त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत. याचं नाव ‘स्ट्रेट तिकीट’.

यातलं ‘तिकीट’ जुनं. एकोणिसाव्या शतकात तिथं पक्षच आपल्या उमेदवारांची यादी छापून वाटत आणि मतदार ती पेटीत टाकत. १८८८ मध्ये मॅसॅच्युसेट्सनं सरकारी मतपत्रिकेचा कायदा केला आणि नावं पदांनुसार मांडली. पुढच्याच वर्षी इंडियानानं प्रत्येक पक्षाला स्वतंत्र रकाना दिला. छपाई सरकारकडे गेली, यादीची सवय मात्र राहिली.

खरी गंमत मोजणीत आहे. मतदारानं वर एका पक्षाला खूण केली आणि खाली एका पदासाठी दुसऱ्याच पक्षाच्या माणसाला, तर? मिशिगनसारख्या राज्यांचं उत्तर सरळ आहे : त्या पदापुरतं खालचं मत धरायचं, बाकीच्या पदांना वरचं. नाव शोधून केलेली खूण घाऊक खुणेपेक्षा वरचढ.

पण एकाच पदाच्या तीन जागा असल्या की हा नियम अडखळतो. इंडियानात कौंटी कौन्सिलच्या तीन जागा साधारणपणे अख्ख्या कौंटीतून निवडल्या जातात. समजा, वरच्या खुणेनं पक्षाच्या तिघांना मत गेलं आणि खाली मतदारानं विरोधातल्या एकाला पसंत केलं. जागा तीन, दावेदार चार. आता पक्षाच्या तिघांतला कोण गाळायचा? मतदाराच्या मनातलं कागदावर नाही आणि मोजणाऱ्यानं ते ओळखायचं म्हटलं तर मारामारीच. इंडियानानं २०१६ मध्ये गाठ सोडवण्याऐवजी कापली : अशा जागांना पक्षाची खूण लागूच नाही, नावापुढे वेगळी खूण करा. ज्याला हे ठाऊक नाही तो वर एक खूण करून घरी जातो आणि त्या जागा कोऱ्याच राहतात.

नॉर्थ कॅरोलिनात तर कित्येक वर्षं हे राष्ट्राध्यक्षपदाच्याच बाबतीत होत होतं. सोय २०१३ च्या कायद्यानं बंद होईपर्यंत पक्षाची खूण त्या पदाला लागू नव्हती. ज्या पदासाठी लोक रांगेत उभे राहत, नेमकं तेच सुटायचं.

यंत्र आल्यावर नवाच घोटाळा झाला. आधी पक्ष निवडायचा आणि मग आवडत्या उमेदवारावर जोर देण्यासाठी त्याच्या नावापुढेही खूण करायची, ही काहींची सवय. कागदावर त्यानं काही बिघडत नाही, मत एकच धरलं जातं. पण टेक्सासमधल्या ई-स्लेट यंत्रावर आधीच निवडलेलं नाव पुन्हा निवडलं की ते मत रद्द व्हायचं. दिव्याचं बटण दोनदा दाबावं तसं! डेमोक्रॅटिक पक्ष यावर संघराज्याच्या न्यायालयात गेला, पण २००८ मध्ये अपिलातही त्याच्या हाती काही लागलं नाही. टेक्साससाठी हा प्रश्न २०२० च्या सप्टेंबरपासून मिटला, कारण ती सोयच गेली.

इतरत्रही ती गेली. पेनसिल्व्हेनियानं २०१९ मध्ये ती काढली, युटानं २०२० मध्ये. आता ती सहाच राज्यांत उरली आहे. समर्थक म्हणतात, डझनावारी पदांच्या लांबलचक मतपत्रिकेवर यानं रांग लवकर सरते. विरोधक म्हणतात, माणूस न बघता मत पडतं. माझ्या मते दोघंही खरं बोलतात, पण आपल्या पक्षाचा फायदा बघून.

मिशिगनचा हट्ट मात्र दाद देण्याजोगा. तिथल्या मतदारांनी ही सोय काढणारा कायदा १९६४ आणि २००२ मध्ये सार्वमतात हाणून पाडला. म्हणून तिसऱ्या वेळी, २०१५ मध्ये, विधिमंडळानं कायद्यातच पन्नास लाख डॉलरची तरतूद घातली. खर्चाची तरतूद असलेला कायदा तिथं सार्वमताला टाकता येत नाही. प्रकरण न्यायालयात घोळत राहिलं. २०१८ मध्ये मतदारांनी थेट राज्यघटनेतच दुरुस्ती करून घेतली.

(पुढच्या आठवड्यात : छापलेलंच नाही असं नाव मतदारानं हातानं लिहिलं तर?)