आळ फाइल सिस्टीमवर

१९९३ मध्ये आलेल्या लिनक्सच्या एक्स्ट२ फाइल सिस्टीमला जर्नल, म्हणजे बदलांची आगाऊ नोंद ठेवणारी वही, नव्हतं. वीज गेली की अर्धवट काय राहिलं हे शोधायला एफएससीके हे तपासणीचं साधन अख्खी डिस्क चाळायचं, आणि आपण टक्केवारी पाहत बसायचो. लोडशेडिंगच्या महाराष्ट्रात हा खेळ नेहमीचाच होता. स्टीफन ट्वीडी यांचं जर्नलवालं एक्स्ट३ नोव्हेंबर २००१ मध्ये २.४.१५ कर्नलसोबत आलं. नेमक्या त्याच कर्नलमध्ये अनमाउंट करताना डिस्क बिघडवणारा दोष निघाला. त्याचा एक्स्ट३शी संबंध नव्हता. काही दिवसांतच २.४.१६ काढावं लागलं.

जर्नलने रचना सांभाळली, मजकुराची हमी मात्र दिली नाही. २००९ मध्ये एक्स्ट४ वापरणाऱ्यांना क्रॅशनंतर शून्य बाइटच्या फाइली मिळू लागल्या. प्रोग्रॅमने एफसिंक करायला, म्हणजे मजकूर डिस्कवर उतरवून घ्यायला हवं, हे एक्स्ट४ सांभाळणारे थिओडोर त्सो यांचं म्हणणं नियमाला धरून होतं, पण चिडलेल्या लोकांचंही चुकत नव्हतं. शेवटी फाइल बदलण्याच्या नेहमीच्या पद्धतींसाठी कर्नलमध्येच सोय करावी लागली.

२०१८ चं प्रकरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. ४.१९ कर्नलवर एक्स्ट४ बिघडल्याच्या तक्रारी आल्या आणि आळ अर्थातच एक्स्ट४वर गेला. दोष निघाला त्याच्या खालच्या ब्लॉक लेयरमध्ये. एक्स्ट४ मेटाडेटाचे चेकसम तपासतं, म्हणून बोंब आधी त्याने मारली, इतकंच. तेव्हापासून बिघाड दिसला की एफएससीकेवर हात जाण्याआधी मी डीमेसेज, म्हणजे कर्नलच्या नोंदी, पाहतो. तिथे आय/ओ एरर असतील, तर स्मार्टसीटीएलने डिस्कची तब्येत बघायची, डीडीरेस्क्यूने तिची प्रत काढायची आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करायची. मरणाऱ्या डिस्कवर 'हो, हो' म्हणत एफएससीके चालवणं म्हणजे उरलंसुरलंही घालवणं. फाइल सिस्टीमची मूळ माहिती ठेवणारा सुपरब्लॉक गेला असेल तर घाबरायचं कारण नाही. त्याच्या प्रती डिस्कवर इतरत्र असतात. चार केबीचे ब्लॉक असतील तर ३२७६८व्या ब्लॉकपासून सुरुवात करावी.

डिसेंबर २०२३ मध्ये मात्र हा क्रमही उपयोगी पडला नसता. ६.१.६४ कर्नलमध्ये एक पॅच त्याच्या आधीच्या पॅचशिवाय आला, आणि काही विशिष्ट प्रकारे लिहिताना एक्स्ट४वरचा मजकूर चुकीच्या जागी पडू लागला. डेबियनने १२.३ रोखून थेट १२.४ दिलं. रचना शाबूत असल्याने एफएससीकेला यात वावगं काही दिसणारच नव्हतं.