भिंतीतलं कपाट
तीर्थपुरीसारख्या मराठवाड्यातल्या गावांत जुन्या माळवदाच्या घरांच्या भिंती इतक्या जाड असत, की फडताळ त्यांच्या पोटातच बसे. आता भिंत विटांची, 9 इंचांची. त्यामुळे कपाट खोलीतली जागा घेतं. कपडे हँगरला लावायचे तर आतून किमान 22 इंच खोली हवी. घडीच्या लुगड्यांना 16 पुरतात. माप गिलावा झाल्यावरच घ्या. वर, मध्ये, खाली टेप लावा आणि सर्वांत कमी भरेल ते धरा, कारण भिंत क्वचितच ओळंब्यात असते. ओल येणाऱ्या भिंतीला आयएस 710 शिक्क्याचा प्लाय लावा. कापलेली कड उघडी ठेवू नका, पाणी तिथूनच शिरतं. वाळवी जमिनीतून भिंतीच्या भेगांनी वर चढते. सुताराला बोलावण्याआधी औषध मारून घ्या.